दप्तर कुणाच्या हाती?



तुम्ही अक्षरे शिकलात. काना, मात्रा, वेलांटी शिकलात. जोडाक्षरे आली. आता सलग वाचू लागलात. म्हणून आजचा धडा थोडा मोठा घेतला आहे. एका बैठकीत पुरा झाला नाही तरी चालेल. दोन दिवस घ्या.

धड्याचा विषय आहे सत्ता. सत्ता कुणाच्या हाती असते? ती तिथे कशी टिकते? आणि तिथून ती कशी हलते?

सत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजा उभा राहतो. तलवार, घोडा, किल्ला, तोफ दिसते. ते खरेच आहे. पण राजा काही रोज कुणाच्या दारात येत नव्हता. दारात येत होता तो कागद. शेत कुणाच्या नावावर? सारा किती? कर्ज किती घेतले, किती फेडले? हे सगळे कागदावर. ज्याला तो कागद वाचता येई, त्याचा शब्द खरा. ज्याला वाचता येत नसे, त्याने अंगठा उठवायचा आणि घरी जायचे.

या धड्यात आपण एकच प्रश्न हाती धरून चार ठिकाणी जाऊ. फ्रान्स देशात, पुणे जिल्ह्यात, अमेरिकेत आणि शेवटी आपल्या कोल्हापुरात. प्रश्न असा, की दप्तर कुणाच्या हाती?

जुने गाव

आधी आपले जुने गाव आठवू. गावाचा मुख्य पाटील. गावाचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, ते बलुते. महारांकडे गावची आणि सरकारची चाकरी. सांगावा न्यायचा, सीमा राखायची, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे. त्याबद्दल वतनाची थोडी जमीन. पण त्या तुकड्यापायी सगळे घर रात्रंदिवस बांधलेले.

ही सगळी कामे वंशपरंपरेची होती. बापाचे काम मुलाकडे. लिहिण्याचे कामही तसेच. कुलकर्ण्याचा मुलगा लिहिणार, नांगर धरणाऱ्याचा मुलगा नांगर धरणार.

सगळे कुलकर्णी वाईट होते असे मुळीच नाही. पुष्कळ जण सरळ होते, गावाच्या उपयोगी पडत होते. पण वाचणारे घर गावात एकच असले, तर त्या घराची चूक दाखवणार कोण? चूक मुद्दाम केलेली असो की नजरचुकीने झालेली असो, ती कळायची कशी? अडचण माणसाच्या स्वभावाची नव्हती. अडचण व्यवस्थेची होती.

लोकांनी कागद जाळले

फ्रान्स देशातही दोन-अडीचशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची अशीच गत होती. वर राजा, त्याच्या खाली धर्मगुरू आणि उमराव. या दोघांना बहुतेक करांची माफी. कर भरायचा तो शेतकऱ्याने आणि कामकऱ्याने. पुष्कळ गावांत दळण उमरावाच्याच गिरणीत दळावे लागे. पाव त्याच्याच भट्टीत भाजावा लागे. आणि त्याचे पैसे मोजावे लागत. का? तर तसा हक्क उमरावाच्या जुन्या दप्तरात लिहिलेला होता.

१७८९ साली लोक उठले. १४ जुलैला पॅरिस शहरात लोकांनी बॅस्टिलचा किल्ला घेतला. हे पुष्कळांना ठाऊक आहे. खेड्यांत काय झाले ते मात्र कमी सांगितले जाते. खेड्यांतले शेतकरी उमरावांच्या वाड्यांवर गेले. त्यांनी मागितले काय? सोने नाही. त्यांनी हक्कांची दप्तरे मागितली आणि ती जाळली. ४ ऑगस्टच्या रात्री तिथल्या राष्ट्रसभेत उमरावांनी आपले खास हक्क सोडल्याचे जाहीर केले. तरी काही हक्कांपोटी पैसे मोजावे लागतील अशी मेख होतीच. ते उरलेले हक्क भरपाईवाचून रद्द व्हायला १७९३ साल उजाडले.

आता आपल्या मुलखात या. १८७५ साल. पुणे जिल्ह्यातले सुपे हे बाजाराचे गाव. त्याच्या आधी काही वर्षे अमेरिकेत मोठे यादवी युद्ध झाले होते, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव चढला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, सावकारही मागेल तेवढे कर्ज देऊ लागला. युद्ध संपले आणि भाव पडला. इकडे सरकारने सारा वाढवला. कर्ज मात्र तसेच राहिले आणि व्याजाने फुगले. रोख्यावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हते. कोर्टात मात्र तो रोखाच बोलत होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे कर्जाचे रोखे मागितले आणि त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेले. बहुतेक ठिकाणी रोखे हाती आल्यावर लोकांनी सावकाराच्या अंगाला हात लावला नाही. त्यांचा राग कागदावर होता.

पहा, फ्रान्स कुठे आणि सुपे कुठे! एकमेकांचे नाव या लोकांनी ऐकलेले नव्हते. तरी दोन्हीकडच्या अडाणी शेतकऱ्याने एकच गोष्ट ओळखली. आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे.

पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा सरकारी नोंदणी कामगारासमोर लिहिला जावा, अशी त्यात तजवीज होती. थोडा दिलासा मिळाला. पण जाळलेल्या कागदाच्या जागी नवा कागद आला. आणि नवा कागदही वाचणारा दुसराच होता. कागद जाळून एक दिवस सुटका होते. कायमची सुटका व्हायची तर तो वाचता यावा लागतो.

अक्षर शिकवणे हा गुन्हा

ज्या अमेरिकेतल्या युद्धामुळे सुप्याचा कापूस महागला, ते युद्ध मुख्यतः गुलामगिरीवरून झाले. दक्षिणेकडच्या राज्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या पोराबाळांना गुलाम म्हणून राबवत. बाजारात गुरे विकावीत तशी माणसे विकत.

त्या राज्यांपैकी उत्तर कॅरोलिना या राज्याने १८३० साली एक कायदा केला. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. मात्र आकडे शिकवायला मोकळीक ठेवली. या गोष्टीचा जरा विचार करा. आकडे चालतील, कारण गुलामाने पोती मोजली तर मालकाचा फायदा. अक्षर नको, कारण अक्षर आले की माणूस विचारू लागतो.

फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा बाल्टिमोर शहरात होता. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. मालकाने तिला थांबवले. शिकला तर हा गुलाम म्हणून राहणार नाही, असे त्याचे म्हणणे. मुलाने ते ऐकले आणि मनाशी गाठ मारली. मालकाला ज्याची भीती वाटते, तीच आपली वाट! रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना तो घरातला पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून अक्षरे शिकायचा. १८३८ साली तो पळून गेला. १८४५ साली त्याने आपल्या आयुष्याची हकीकत पुस्तक करून छापली. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांत तो मोठा पुढारी झाला.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे पाच वर्षांत काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. पण सत्ता सहजासहजी हात सोडत नाही. मिसिसिपी राज्याने १८९० साली नियम केला, की मत द्यायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवा, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार कोण? गोरा अधिकारी! दुसऱ्या राज्यांनीही तसे केले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकू दिले नाही, त्यांनाच विचारले की तुम्हाला वाचता येते का. हा अडथळा दूर व्हायला १९६५ सालचा कायदा यावा लागला.

या लढ्याकडे आपल्या महाराष्ट्रातून एक माणूस डोळे लावून बसला होता. महात्मा जोतीराव फुले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबाचे कमिशन आले. जोतीरावांनी त्याला लिहून दिले, की खेड्यापाड्यांतल्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सरकारने ते केले नाही. ते झाले आपल्या कोल्हापुरात, पुढे पस्तीस वर्षांनी.

कोल्हापुरात काय झाले

शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. जन्म २६ जून १८७४. दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती कारभार आला.

महाराजांनी आपल्या दरबारात पाहिले. कारभारातल्या मुख्य ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण, अधिकारी होते. कारकुनांतही तीच स्थिती. गादीवर राजा बसला होता खरा, पण राज्याचे दप्तर मोजक्या घरांत होते.

त्यातच १८९९ साली वेदोक्ताचा वाद उभा राहिला. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी महाराजांसाठी वेदातले मंत्र म्हणायला राजघराण्याच्या पुरोहिताने नकार दिला. राजाला जर असे उत्तर मिळते, तर खेड्यातल्या माणसाला काय मिळत असेल? हा वाद कोल्हापुरात आणि पुण्यात फार तापला. पण हे भांडण सरसकट एका जातीशी होते असे समजू नका. राजारामशास्त्री भागवत आणि नारायणभट्ट सेवेकरी हे ब्राह्मणच होते आणि ते महाराजांच्या बाजूने उभे राहिले. भांडण होते ते मक्तेदारीशी. विद्या एकाच्याच घरी कोंडून ठेवण्याशी.

महाराजांनी काय केले? त्यांनी दप्तर जाळले नाही. दप्तर वाचणारी नवी माणसे तयार केली.

खेड्यातल्या हुशार पोराला शिकायचे तर कोल्हापूरला यावे लागे. राहायचे कुठे, जेवायचे कुठे, हाच पहिला अडसर. म्हणून १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान मुलांची सोय, १९०७ साली लिंगायत बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली.

२६ जुलै १९०२ रोजी दुसरा हुकूम निघाला. महाराज तेव्हा राज्यारोहण समारंभासाठी विलायतेत होते. हुकूम असा, की यापुढे ज्या सरकारी जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या शिकलेल्या माणसांना द्याव्यात. पुष्कळांनी नाके मुरडली. ‘नांगरधऱ्यांना कारभार काय कळणार?’ असे लोक म्हणत. त्याला उत्तर एकच होते. काम दिल्याशिवाय काम येत नाही.

१९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. आपल्याच माणसांनी कुरकुर केली. ‘पोरगं शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार?’ ती कुरकुरही खोटी नव्हती. गरिबाच्या घरी पोराचे दोन हात म्हणजे अर्धी भाकरी. पण आजची अर्धी भाकरी वाचवायची म्हणून पोराला जन्मभर अंगठा द्यायला ठेवायचे का? महाराजांनी ठरवले, नाही.

पुढचे वर्ष १९१८. त्या साली महाराजांनी गावाच्या जुन्या चौकटीलाच हात घातला. कुलकर्णी वतने काढली आणि पगारी तलाठी नेमले. दप्तर आता एका घराची मालमत्ता राहिले नाही. जो शिकेल तो तलाठी. अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या माणसांनाही तलाठ्याचे काम मिळाले. त्याच साली महार वतने काढून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे स्वतःच्या मालकीने, त्यांच्या नावावर केल्या. बाकीच्या मुंबई राज्यात कुलकर्णी वतने जायला १९५० सालचा कायदा यावा लागला आणि महार वतने जायला १९५८ सालचा. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम झाला. सगळी मुले एकाच शाळेत बसवायची.

हुकूम आणि वागणूक

पण मंडळी, हुकूम कागदावर असतो. माणसाचे मन कागदावर नसते.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. वरच्या जातीच्या हौदातल्या पाण्याला ते शिवले, म्हणून पागेतल्याच लोकांनी त्यांना मारहाण केली. त्यांनी महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना सांगितले, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण महाराचा चहा म्हणून गिऱ्हाईक येईना.

मग महाराजांनी काय केले? आपली गाडी त्या दुकानापुढे उभी केली. गंगारामांकडून चहा मागून घेतला आणि प्यायला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावला. राजाने घेतला म्हटल्यावर दुसऱ्याने नाही कसे म्हणायचे? जे काम दहा हुकुमांनी झाले नसते, ते एका कपाने केले.

१९२० साली २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते भीमराव आंबेडकर, वय अवघे अठ्ठावीस. महाराज स्वतः परिषदेला गेले. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे वर्तमानपत्र सुरू केले होते. त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ज्यांना आजवर लेखणी मिळाली नव्हती, त्यांच्या हाती आता आपले स्वतःचे वर्तमानपत्र आले.

राजाने दिले, पण पुढे?

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. वय पुरे अठ्ठेचाळीसही नव्हते.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. राजा चांगला होता म्हणून चांगले झाले. राजा वाईट असता तर? एका राजाचा हुकूम दुसरा राजा फिरवू शकतो. म्हणून वरून मिळालेल्या चांगल्या गोष्टीलाही खालून टेकू लागतो. तो टेकू लोकांचा.

ही गोष्ट पुढे कोल्हापूरच्या लोकांनी ओळखली. १९३९ साली प्रजा परिषद स्थापन झाली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार अशी माणसे पुढे आली. राज्यकारभार प्रजेला जबाबदार हवा, अशी त्यांची मागणी. देश स्वतंत्र झाला आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. राजाला एक मत, गड्याला एक मत, मोलकरणीलाही एक मत.

आता अमेरिकेची गोष्ट पुन्हा आठवा. तिथे वाचता येत नाही म्हणून मत नाकारले. आपल्या देशात १९५१ साली शंभरातल्या अठरांनाच लिहिता-वाचता येत होते. तरी आपल्या घटनेने वाचण्याची अट घातली नाही. पक्षांना चित्रांच्या निशाण्या दिल्या आणि सगळ्यांना मत दिले. बायकांनाही पहिल्याच निवडणुकीत मत मिळाले. समतेची घोषणा करणाऱ्या फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली!

तरीही त्या पहिल्या निवडणुकीत एक गोष्ट घडली. उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी यादीत आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळली. हक्क होता, पण कागदावर नाव नव्हते. म्हणून हक्क हातचा गेला.

भगिनींनो, म्हणून तर पहिल्या दिवशी पाटीवर आपले स्वतःचे नाव लिहायला शिकवतात.

आता तुमच्या हाती

तलवारीची सत्ता गेली. दप्तराची सत्ता आजही आहे. फक्त ते दप्तर आता कुलूपबंद नाही. सातबाराचा उतारा कुणीही मागू शकतो. ग्रामसभेत हिशेब विचारता येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत. पण कागद मिळाला आणि वाचला नाही, तर तो मिळून न मिळाल्यासारखाच.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरातला सातबारा काढा आणि त्यावरची नावे वाचा. घरातल्या बाईचे नाव त्यात आहे का ते पहा. सोसायटीच्या कर्जाची पावती वाचा. रेशनकार्डावरची माणसे मोजा. ग्रामसभेला जा आणि ठराव वाचून दाखवा म्हणा. आणि कुणी म्हणाला, ‘अहो, सही करा, आत काही विशेष नाही,’ तर त्याला बसायला सांगा, चहा द्या आणि सगळा कागद सावकाश वाचा. उशीर झाला तर होऊ द्या. इतकी शतके आपणच थांबलो होतो. आता कागदाने घटकाभर थांबावे.

शब्दांचे अर्थ

दप्तर : हिशेबाचे आणि नोंदींचे कागद.
वतन : वंशपरंपरेने चालणारे काम व त्याबद्दलची जमीन.
रोखा : कर्जाचा लेखी कागद.
मक्तेदारी : एखादी गोष्ट एकाच्याच ताब्यात असणे.
यादवी : एकाच देशातल्या लोकांची आपसातली लढाई.

विचार करा आणि सांगा

१. फ्रान्सच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्यांनी काय जाळले? का जाळले?
२. गुलामाला आकडे शिकवायला मोकळीक आणि अक्षरे शिकवायला बंदी, असे का होते?
३. शाहू महाराजांनी १९०१, १९०२, १९१७ आणि १९१८ साली काय केले?
४. गंगाराम कांबळे यांच्या दुकानात महाराज चहा प्यायले नसते, तर काय झाले असते?
५. तुमच्या गावात पूर्वी कागद कोण वाचून दाखवत असे? आज कोण वाचतो? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.